घराभोवतीचा कोबा भिंतीकडे खचलाय आणि पाणी जोत्याला साचतंय, तर काय करावं?

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. नागपुरात मानेवाड्याच्या पुढच्या एका लेआउटमधलं घर, बांधून पंधराएक वर्षं झालेली. चारही बाजूंच्या मार्जिनमध्ये तीन फूट रुंदीचा सिमेंटचा कोबा. त्यातला मागचा, स्वयंपाकघराकडचा चाळीसएक फुटांचा भाग भिंतीच्या दिशेनं खचलाय, पाऊस आला की जोत्याला लागून पाणी उभं राहतं आणि आतल्या भिंतीला ओल चढलीय. ठेकेदार म्हणतो, वरून दोन इंचाचा थर मारून देतो. पुतण्या म्हणतो, सगळं काढून पेव्हर, म्हणजे सिमेंटचे तयार ठोकळे, बसवा. आणि भोकं पाडून खाली फोम भरला की कोबा वर येतो, असं तुम्ही व्हिडिओत पाहिलंय. यातलं काय करायचं?

माझं उत्तर विचाराल तर आत्ता यातलं काहीच नको. ऑगस्टमध्ये काळ्या मातीवर पक्कं काम करायचं नसतं. दिवाळी झाल्यावर मागचा कोबा तोडायचा, खालची भरणी बदलायची आणि उतार बाहेरच्या बाजूला देऊन नवा घालायचा. मधले दोन-अडीच महिने आहेत ते पाणी येतं कुठून आणि जाऊ शकतं कुठे, हे शोधण्यासाठी. ते न शोधता केलेलं काम तीन-चार पावसाळ्यांत परत खचतं, मग ते कितीही महागाचं असो.

कोबा भिंतीकडेच का कलतो, हे आधी समजून घ्या. पाया खोदताना खड्डा भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट जास्त घेतात, कारण आत उतरून माणसाला काम करता आलं पाहिजे. जोतं वर आलं की तीच खोदलेली काळी माती त्या खड्ड्यात परत लोटतात. सोबत विटांचे तुकडे, सेंट्रिंगच्या फळ्यांचे कपटे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, जे हाताशी असेल ते. थराथरानं धुम्मस मारायला कोणाला वेळ नसतो. त्यावर कोबा घातला की त्याचा भिंतीकडचा अर्धा भाग सैल भरणीवर आणि बाहेरचा अर्धा भाग मूळच्या घट्ट जमिनीवर बसतो. भरणी वर्षानुवर्षं दबत राहते, मूळ जमीन दबत नाही. मग कोबा घराकडे तोंड करतो. एकदा का तो कलला की पाणी तिकडेच वळतं, कोबा आणि जोत्याच्या फटीतून खाली उतरतं, भरणी आणखी मऊ होते आणि कल वाढतो. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतं. आतली ओलही बहुतेक इथूनच चढतेय.

याच्या जोडीला आपली माती. नागपूर दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या पूर्वेकडच्या कडेला आहे. हा खडक झिजून जी काळी माती होते, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात मोकळ्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढात त्याच मिटून जातात, हे आपण दरवर्षी बघतो. ही हालचाल वरच्या फूट-दोन फुटांपुरती नसते. आपल्याकडे काळ्या मातीत अंडररीम पाइल, म्हणजे खालच्या टोकाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब, घेतात ते साधारण 3.5 मीटर खोल नेतात, ते एवढ्याचसाठी की त्याखाली ऋतूंचा ओलावा फारसा पोचत नाही.

तेव्हा फूटभर मुरूम टाकून माती हलायची थांबेल, अशी आशा करू नका. ती हलणार. आपल्या हातात एवढंच आहे की घराला लागून असलेल्या पट्ट्यातला ओलावा वर्षभर फार कमी-जास्त होऊ द्यायचा नाही. बारा महिने सारखी ओलसर राहिलेली काळी माती फारसा त्रास देत नाही. त्रास देते ती एका बाजूनं भिजलेली आणि दुसऱ्या बाजूनं कोरडी पडलेली.

शहरात सगळीकडे अशीच माती आहे असंही नाही. सेमिनरी हिल्स, अंबाझरीच्या टेकडीकडच्या भागात थोडं खणलं की मुरूम किंवा खडक लागतो, तिथं साधा कोबाही वर्षानुवर्षं टिकतो. शेतजमिनीवर पडलेल्या लेआउटांमध्ये तसं नसतं. म्हणून "माझ्याकडे तर असंच केलं होतं, काही झालं नाही" हा नातेवाइकांचा सल्ला कुठल्या भागातून आलाय, ते पाहून घ्या.

तुमची माती किती फुगणारी आहे ते घरीच बघता येतं. कोब्याच्या कडेला दोनेक फूट खोलीवरची माती घ्या, वाळवा, कुटा आणि बारीक चाळणीनं चाळा. तिचे 10-10 ग्रॅमचे दोन भाग करून 100 मिलिलिटरच्या खुणांच्या दोन काचेच्या नळ्यांमध्ये टाका. एकीत पाणी भरा, दुसरीत रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि 24 तास तशाच ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातल्या मातीचं आकारमान रॉकेलमधल्यापेक्षा किती टक्के जास्त भरलं, तो तिचा फुगण्याचा निर्देशांक. 50 च्या आत असेल तर चिंता नाही, 100 च्या वर गेला तर माती चांगलीच फुगणारी समजा. भारतीय मानकातली चाचणी हीच आहे, फक्त तिथं चाळणी 425 मायक्रॉनची असते. एवढा खटाटोप नको असेल तर माती तपासणाऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत करून मिळते.

आता पाणी. लोक पावसाकडे बोट दाखवतात, पण नागपुरात कोब्याचं जास्त नुकसान उन्हाळ्यातलं पाणी करतं, असं माझं ठाम मत आहे, आणि ते पाणी कुलरचं असतं. बघा, मार्च ते जून कडक ऊन, मेमध्ये तर पारा 45 च्या आसपास, सगळी जमीन कोरडी ठणठणीत, आकसलेली. अशात खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कुलर ठेवलेला. त्याचा फ्लोट वॉल्व्ह नीट बंद होत नाही, टाकी ओसंडते, जाळीतून थेंब गळतात, आणि हे सगळं चार महिने रात्रंदिवस एकाच जागी. घराभोवतीची बाकीची माती आकसून खाली बसलेली असताना स्टँडखालची तेवढीच फुगलेली राहते. कोबा मग एका पॅनेलमध्ये वर, शेजारच्यात खाली आणि मध्ये तडा. खिडकीसमोरच तडा असेल तर मी आधी कुलर कुठे बसतो ते विचारतो. तुमच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीचा कुलर मागच्या बाजूलाच असेल, तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या ओव्हरफ्लोला अर्ध्या इंचाची नळी लावून ती थेट नालीत किंवा लांबच्या झाडाला सोडा. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे. एसीच्या पाण्याचंही तेच.

दुसरा संशय स्वयंपाकघराच्या मोरीचा पाइप आणि चेंबर यांच्यावर. भिंतीतून बाहेर आलेला पाइप सैल भरणीतून चेंबरला जातो. भरणी दबली की पाइपचा सांधा निखळतो आणि सांडपाणी गुपचूप जमिनीत जिरत राहतं. तपासायला रात्री चेंबरच्या पुढच्या तोंडात चिंध्यांचा बोळा घट्ट बसवा, पाइप बुडेपर्यंत चेंबर भरा आणि पातळीवर खडूनं खूण करा. रात्रभर मोरीत पाणी टाकू नका. सकाळी पातळी दोन-तीन इंच उतरली असेल तर गळती आहे, पाइपात किंवा चेंबरच्याच प्लास्टरमध्ये. ती दुरुस्त केल्याशिवाय वर कोबा घालणं म्हणजे पैसे नालीत टाकणं.

तिसरं, छताचं पाणी. हजार चौरस फुटांचा स्लॅब आणि 50 मिलिमीटर पाऊस धरला तर साधारण 4,600 लिटर होतात, म्हणजे पाण्याच्या एका टँकरच्या जवळपास. तेवढं पाणी तीन-चार पाइपांतून सरळ कोब्यावर आदळतं. पाइपाचं तोंड जोत्यापासून वीतभर अंतरावर असेल तर कोब्याला कितीही उतार द्या, पहिला मार जोत्यालाच. हे पाणी बंद पाइपातून थेट नालीपर्यंत न्यावं. घरात विहीर असेल, आणि जुन्या नागपुरी घरांत ती असतेच, तर गिट्टी-रेतीच्या फिल्टरमधून ते विहिरीत सोडणं उत्तम. पण गडरलाइनला, म्हणजे सांडपाण्याच्या गटारलाइनला, जोडू नका. जोराच्या पावसात गडर तुंबते आणि मग तुमच्याच छताचं पाणी न्हाणीच्या जाळीतून घरात वर येतं.

घुशींनाही विसरू नका. सब्बलीनं कोबा ठोकत चला. भरीव जागी आवाज टणटणीत येतो, पोकळ जागी बद्द, ढोलासारखा. नालीच्या कडेला मातीचे ताजे ढीग दिसले आणि आवाज पोकळ आला, तर खाली बिळांचं जाळं आहे आणि पावसाचं पाणी त्यातून थेट पायापर्यंत जातंय.

एवढं झालं की पातळी मोजा. त्यासाठी यंत्र नको, मिस्त्रीकडची पाण्याची पारदर्शक नळी पुरते. जोत्यावर एक पक्की खूण करा आणि तिथून कोब्याच्या दोन्ही कडा, अंगणाचा शेवट, गेट आणि गेटबाहेरची नाली, या सगळ्यांच्या पातळ्या वहीत लिहा. कोब्याच्या आठ-दहा ठिकाणांच्या पातळ्या आत्ता एकदा आणि ऑक्टोबरअखेर एकदा घ्या. खचणं अजून चालू आहे की थांबलंय, ते यावरूनच कळेल.

नालीची पातळी मुद्दाम घ्यायला सांगतोय. शहरात जागोजागी सिमेंट रस्ते झाले आणि अनेक वस्त्यांत रस्ता घरांच्या अंगणापेक्षा उंच झाला. बाहेरची नाली अंगणाच्या वर असेल तर तुम्ही कोब्याला सुंदर उतार देऊन पाणी गेटशी जमा कराल आणि ते तिथंच राहील. अशा ठिकाणी गेटजवळ झाकणाचा हौद करून त्यात फ्लोट स्विचचा छोटा पंप बसवावा लागतो, किंवा पाणी विहिरीकडे वळवावं लागतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तो प्रकार निराळा. तसलं पाणी कोब्याच्या उतारानं अडत नाही, आणि ते अडवून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

सध्या पावसाळा निभवायला एवढं करा. छताच्या पाइपांना पीव्हीसीचे तुकडे जोडून पाणी कोब्याच्या बाहेर न्या. जोतं आणि कोबा यांच्यातली फट दोन दिवस उघडीप मिळाली की साफ करून त्यात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे रबरासारखा लवचिक राहणारा भराव, भरा. फट बोटभर रुंद असेल तर आधी फोमची दोरी दाबून बसवा, वर सीलंट. सिमेंट भरू नका, ते महिनाभरात सुटतं. आणि कोब्याच्या बाहेरच्या कडेला तुळस-मोगऱ्यासाठी विटांचा वाफा केला असेल तर त्याच्या विटा दोन-तीन ठिकाणी काढून पाण्याला वाट द्या. बऱ्याच घरांत खरं धरण तोच वाफा असतो.

आता तुमचे तीन पर्याय.

दोन इंचाच्या थराला माझा सहसा नकार असतो. खालची भरणी दबतेय म्हणून कोबा खचला, त्यावर आणखी वजन टाकल्यानं ती दबायची थांबणार नाही. शिवाय उतार काढायचा तर थर भिंतीकडे जाड आणि बाहेर पातळ होत जातो, आणि तो पातळ काठ पहिल्या उन्हाळ्यातच पापडासारखा सुटतो. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक थरागणिक कोबा जोत्यावरच्या ओलरोधक पट्टीच्या जवळ जातो. कोब्याचा माथा त्या पट्टीच्या किमान 6 इंच खाली हवा. पट्टी झाकली गेली की जमिनीतली ओल प्लास्टरमधून सरळ आतल्या भिंतीत चढते, आणि मग लोक आत वॉटरप्रूफ रंग मारत बसतात. थर चालतो तो एकाच स्थितीत: कोबा ठोकल्यावर कुठेही पोकळ वाजत नाही, दोन पावसाळ्यांत पातळी बदललेली नाही, आणि सर्वांत पातळ जागीही दीड इंच जाडी मिळतेय. तुमचा कोबा यात बसत नाही.

फोमचं तंत्र खोटं नाही. बोटभर भोकांतून दोन रसायनं आत सोडतात, ती फुगतात आणि स्लॅब उचलला जातो. कारखान्यांच्या फरशा, गोदामं, महामार्गाचे काँक्रीट स्लॅब यांना ते शोभतं, कारण तिथं तोडफोडीपेक्षा काम बंद ठेवण्याचा खर्च मोठा असतो. घरच्या चाळीस फूट कोब्यासाठी यंत्र आणि माणसं बोलावण्याचाच खर्च नव्या कोब्याच्या पुढे जाईल. त्यातही खाली ओली-सुकी होणारी काळी माती तशीच राहते, म्हणजे उचललेला कोबा पुढच्या मेमध्ये परत आपल्या मर्जीनं बसणार.

याचा गरीब भाऊ मात्र कामाचा आहे. कोबा धड आहे, कलही फार नाही, पण खाली पोकळी आहे, अशा ठिकाणी तीन-चार फुटांवर दीड इंची भोकं पाडून सिमेंट आणि फ्लाय ॲश (वीज केंद्रातली कोळशाची राख) यांचा पातळ रबडा गुरुत्वानं ओतायचा. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांमुळे राखेची आपल्याकडे वानवा नाही. यानं कोबा वर येत नाही, फक्त पोकळी भरते आणि घुशींची घरं बंद होतात. रबडा ओतत असताना मोरीचा नळ चालू ठेवून चेंबरवर एक माणूस उभा ठेवा. पाइप कुठे फुटलेला असेल तर रबडा त्यात शिरून आत दगड होतो. चेंबरमध्ये राखाडी पाणी दिसलं की लगेच ओतणं थांबवायचं. तुमच्या पुढच्या आणि बाजूच्या कोब्याला एवढं पुरेल असं वाटतं, पण ते ठोकून बघितल्यावरच ठरवा.

पेव्हरबद्दल पुतण्याचं अर्धं बरोबर आहे. जमीन हलली तर पेव्हर काढून, खाली चुरी पसरून परत बसवता येतात, कोब्याला ती सोय नाही. पण पेव्हरच्या सांध्यांतून पाणी खाली जातं. जोत्याला लागून पेव्हर लावले तर तुम्ही पावसाचं पाणी थेट त्याच सैल भरणीत सोडलंत. म्हणून भिंतीपासून पहिले तीन फूट अखंड काँक्रीट, आणि त्यापुढे कंपाउंडपर्यंत हवे तर पेव्हर, असं करा. पेव्हर 60 मिलिमीटर जाडीचे घ्या आणि बाहेरच्या कडेला काँक्रीटची कर्ब, म्हणजे कडेला आधार देणारी पट्टी, हवीच, नाहीतर वर्षभरात ओळी फाकतात.

नव्या कोब्याचं काम आता जरा तपशिलानं सांगतो, कारण मिस्त्रीवर सोडलं तर यातल्या निम्म्या गोष्टी गळतात.

मुहूर्त नोव्हेंबर-डिसेंबरचा. तेव्हा माती ना पूर्ण फुगलेली असते ना पूर्ण आकसलेली, मधल्या स्थितीत असते. मेमध्ये आकसलेल्या मातीवर कोबा घातला तर जुलैत ती फुगून त्याला उचलते. शिवाय मेच्या उन्हात काँक्रीटमधलं पाणी संध्याकाळच्या आत उडतं.

जुना कोबा तोडून तयार पातळीपासून दीड फूट खोल खणा. एका वेळी आठ-दहा फुटांचाच तुकडा उघडा, सगळी भिंत एकदम उघडी पाडू नका, आणि पायाच्या तळाच्या खाली तर अजिबात जाऊ नका. खणताना निघालेल्या पिशव्या, लाकूड, मलबा सगळा बाहेर. तळ ठोकून घट्ट करा. माती फारच फुगणारी निघाली असेल तर तळाच्या सहा इंचांत वजनाच्या चारेक टक्के विरलेल्या चुन्याची पूड नीट मिसळून ठोका. चाळीस फूट लांब, तीन फूट रुंद पट्ट्याला साधारण 100 किलो लागते.

मग मुरूम. पिवळा किंवा तांबूस, खडेदार. टिप्परवाला पुष्कळदा वरच्या काळ्या मातीसकट खणलेला मुरूम आणून टाकतो. रिकामा करण्याआधी मूठभर घ्या, ओला करा, हाताला लोण्यासारखा चिकटला तर टिप्पर परत पाठवा. चांगला मुरूम ओला झाला तरी हात झटकला की पडतो. सहा-सहा इंचांचे थर घाला, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून प्लेट कॉम्पॅक्टर फिरवा. हे यंत्र दिवसाच्या भाड्यानं मिळतं. पाणी किती, ते मुठीनं ठरवायचं: मुरूम दाबल्यावर लाडू व्हावा, पण बोटांमधून पाणी येऊ नये. इथंच उरकाउरकी होते, म्हणून थर बसताना घरातलं कोणीतरी समोर उभं राहा. चाळीस फुटांना दबून बसलेला मुरूम 140 घनफूट लागेल, म्हणजे सुटा पावणेदोन ते दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) मागवा.

उतार या मुरमातच द्यायचा, काँक्रीट सगळीकडे सारख्या जाडीचं. तीन फुटांत एक इंच उतार पुरतो. तपासायची युक्ती सोपी आहे. तीन फुटी ॲल्युमिनियमची पट्टी आडवी धरा, बाहेरच्या टोकाखाली एक इंचाचा लाकडी ठोकळा ठेवा आणि वर स्पिरिट लेव्हल. बुडबुडा मध्यात आला की उतार बरोबर. मिस्त्री नुसत्या नजरेनं "आहे ना उतार" म्हणाला तर ठोकळा त्याच्या हातात द्या.

मुरमावर 250 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद पसरा. भिंतीकडे तो चार इंच वर वळवायचा, सांध्यांवर फूटभर एकावर एक घ्यायचा. वरून पाणी खाली जाऊ न देणं आणि उन्हाळ्यात खालचा ओलावा उडू न देणं, दोन्ही कामं तोच करतो. मी मागे ओलावा सारखा ठेवा म्हणालो ते प्रत्यक्षात या कागदानं आणि कोब्याच्या रुंदीनं साधतं. जागा असेल तर तीन फुटांऐवजी चार फूट करा.

काँक्रीट चार इंच, एम 20, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड रेती, तीन गिट्टी. चाळीस फुटांना 40 घनफूट काँक्रीट, साधारण नऊ पोती सिमेंट. आत 8 मिलिमीटरच्या सळया आठ इंचांवर दोन्ही दिशांना, किंवा तयार वेल्डमेश. जाळी कव्हर ब्लॉकवर, म्हणजे सिमेंटच्या छोट्या ठोकळ्यांवर, उचललेली हवी. जमिनीवर पसरून त्यावर काँक्रीट ओतलं तर ती नसल्यातच जमा. दर चार फुटांवर सांधा ठेवा. दुसऱ्या दिवशी कटरनं सव्वा-दीड इंच खोल खाच मारली तरी चालते. सांध्याखाली जाळीच्या एकाआड एक सळया तोडाव्यात, म्हणजे तडा सांध्यातच पडतो आणि शेजारचे भाग वरखालीही होत नाहीत.

जोतं आणि कोबा एकमेकांना बांधू नका. मध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी ठेवून कोबा ओता, नंतर वरचा अर्धा-पाऊण इंच खरवडून तिथं पीयू किंवा पॉलिसल्फाइड सीलंट भरा. डांबर स्वस्त पडतं, पण आपल्या मेच्या उन्हात पातळ होऊन ओघळतं. काही मिस्त्री मजबुतीच्या नावाखाली जोत्यात सळया ठोकून कोबा अडकवतात. मग माती हलली की कोबा जोत्याचं प्लास्टर घेऊनच सुटतो.

बाहेरच्या कडेला फूट-दीड फूट खोल काँक्रीटची कर्ब उतरवा, घुशीही अडतात आणि पाणी खालून माती कोरतही नाही. कर्बेला लागून सहा ते नऊ इंची उघडी नाली, वर जाळी, दर दहा फुटांना एक इंच उतार. परदेशी व्हिडिओंमध्ये गिट्टीत भोकांचा पाइप पुरतात, ते आपल्याकडे जोत्याजवळ नको. काळ्या मातीत पाणी जिरत नाही, त्या चरात ते साठून राहतं आणि पायाला दोन महिने ओलं ठेवतं. शोषखड्डाही घरापासून पंधरा फुटांच्या आत नको, आणि तो मुरमापर्यंत पोचत नसेल तर करूच नका.

काँक्रीट सकाळी लवकर ओता, दहा दिवस ओलं बारदान टाकून ठेवा. डिसेंबरातही दुपारी ऊन लागतं, फक्त सकाळ-संध्याकाळ पाइप मारून भागत नाही.

आतल्या ओलीचं घाईनं काही करू नका. कोबा झाला की भिंत लगेच कोरडी होत नाही, एक अख्खा उन्हाळा जाऊ द्या. आधीच पुट्टी मारली तर ती फुगून सुटेल. उन्हाळ्यानंतरही ओल तशीच असेल तर ती नळाच्या लपलेल्या पाइपातून येतेय, असं समजून तिकडे शोध घ्या.

आणि एक गोष्ट मला तुमच्या प्रश्नातून कळली नाही. मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेलाय का? त्यात पाच रुपयांचं नाणं उभं शिरत असेल, किंवा मागचं दार पावसाळ्यात घासतं आणि उन्हाळ्यात सैल होतं असं असेल, तर हालचाल पायापर्यंत पोचलीय. तसं असेल तर मिस्त्री बोलावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घर दाखवा. कोब्याचं काम तेव्हाही करावं लागेलच, पण किती खोल खणायचं आणि किती रुंद घालायचं, हे मग तो ठरवेल.